एकाच वाडग्यातले दात

३ जुलै

बारके,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे जरा सविस्तर सांगायचं आहे.

मी कॉलेजात नाव घातलंय.

हसून झालं? बरं, पुढे वाच. विषय तत्त्वज्ञान. 'तत्त्वज्ञानाची तोंडओळख' असा संध्याकाळचा वर्ग आहे. जन्मभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या, वर गेलो, खाली आलो. निवृत्त झाल्यावर म्हटलं, आता जरा आत जाऊन बघावं. तुझ्या वहिनीचं म्हणणं असं की घरात मी तिच्या पायात पायात येतो, त्यापेक्षा कुठल्याही शास्त्राच्या पायात गेलेलं तिला चालेल.

वर्गात मी सोडून सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तर सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मीही सवयीने 'बसा, बसा' म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसलो. मग खऱ्या बाई आल्या. त्यांच्यासाठी कुणी उठलं नाही. तेव्हापासून बाईंची माझ्यावर बारीक नजर आहे.

पहिला भाग ज्ञानमीमांसा. म्हणजे आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे असं आपण म्हणतो ते कशाच्या जिवावर, याची उलटतपासणी. गृहपाठ होता : तुम्हाला पक्की माहीत असलेली एक गोष्ट लिहा आणि कशावरून तेही लिहा. मी लिहिलं, माझी बायको आत्ता स्वयंपाकघरात आहे. कशावरून, तर भांड्यांचा आवाज येतोय. एवढ्यात ती पिशवी घेऊन बाहेरच्या दारातून आत आली. स्वयंपाकघरात मांजर होतं.

तेव्हा मला एखादं बरं उदाहरण सुचव. तुझ्या दातांच्या लॅबमध्ये काही घडत असेल तर बघ.

तुझा,
दादा

ता. क. वहिनी विचारतेय, या शिक्षणानंतर नोकरी लागते का.

११ जुलै

प्रिय दादा,

तुझ्या पत्रावर आधी खूप हसले. मग रडावंसं वाटलं. तुला उदाहरण हवंय ना? घे. पण हे तुझ्यामाझ्यात.

आमच्याकडे दोन भाऊ येतात, जुळे. सत्तरी ओलांडलेली, एका चेहऱ्याच्या दोन प्रती. थोरल्यांच्या हातात काठी असते आणि धाकट्यांच्या नसते, एवढाच फरक. एकाच घरात राहतात, थोरले वर, धाकटे खाली, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कशावरून भांडले ते दोघांनाही धड आठवत नाही, पण चूक कुणाची ते पक्कं आठवतं. दवाखान्यातही वेगवेगळ्या दिवशी येतात. चुकून एका दिवशी बोलावलं तर दोघंही परत जातात.

दोघांच्या वरच्या कवळ्या एकाच वेळी माझ्याकडे आल्या. मेणावर दात लावून चाचणी झाली तेव्हा एकाने हट्ट धरला, पुढचा एक दात किंचित आडवा बसवा. तरुणपणी तसाच होता म्हणे, त्याशिवाय आरशात ओळख पटत नाही. दुसऱ्याने सगळे सरळ मागितले. मी दोन्ही केल्या, आणि चांगल्या केल्या.

आता माझा मूर्खपणा. प्लास्टरचा साचा फोडून कवळी काढली की ती पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर वाकडी होते. लॅबचा नियम आहे : एक वाडगा, एक तोंड. मी दोन्ही एकाच वाडग्यात ठेवल्या. जागा नव्हती म्हणून नाही. म्हटलं, माणसं नाही तर निदान दात तरी एकत्र राहू देत. छान दिसत होत्या रे. एकमेकींकडे बघून हसत होत्या.

डब्या भरताना आडवा दात मी धाकट्यांच्या डबीत घातला. मला ठाम आठवत होतं की हट्ट त्यांचाच. डॉक्टरबाई त्या आठवड्यात परगावी होत्या, शिकाऊ डॉक्टरने कवळ्या बसवून दिल्या. जुळ्यांचे जबडे, जराशा कडा घासल्यावर बसल्याही बेमालूम.

आणि काल चहा पिताना आमची स्वागतिका सहज म्हणाली, "चाचणीच्या दिवशी थोरल्यांनी काठी आपटून केवढा तमाशा केला होता, दात आडवाच हवा म्हणून!" कप माझ्या हातातच राहिला.

म्हणजे गेला महिनाभर दोघं एकमेकांच्या दातांनी जेवतायत. तक्रार एकाचीही नाही.

दादा, आमचे मुख्य तंत्रज्ञ या वर्षाअखेरीस निवृत्त होतायत. लॅब माझ्या हातात द्यायचं डॉक्टरबाईंच्या मनात आहे, त्यांनी तसं बोलूनही दाखवलंय. आता मी जाऊन काय सांगू? की तुमची होणारी मुख्य तंत्रज्ञ कवळ्यांचं मन राखते?

तत्त्वज्ञान नको. काय करू ते सांग.

बारकी

१७ जुलै

बारके,

तत्त्वज्ञान नको म्हणतेस आणि पेच असा पाठवतेस की त्यात माझा अख्खा अभ्यासक्रम मावतो.

आधी तर्कशास्त्र, ते नुकतंच झालंय. तुझा युक्तिवाद असा होता : आडवा दात मागणारा माणूस मिश्कील असतो. धाकटे तुला मिश्कील वाटतात. म्हणून दात धाकट्यांचा. खरं सांग, असंच ना? तुला 'आठवत' होतं ते हेच. बारके, पहिलं वाक्यच हवेत आहे. पायाच नसलेली लिफ्ट. तिला बटणं कितीही चकचकीत लावलीस तरी ती तुला तळमजल्यावरच नेणार.

आता ज्ञानमीमांसा. कळीचा प्रश्न हा की त्या दोघांना माहीत आहे का. तू म्हणतेस तक्रार नाही, म्हणजे माहीत नाही. बाई म्हणतात, समजूत वेगळी आणि ज्ञान वेगळं. समजूत खरी ठरली आणि तिला भक्कम कारण असलं, तर निदान ज्ञानाच्या दारात तरी उभं राहता येतं. तुझ्या समजुतीला कारण काय, तर शांतता. माझ्याकडे भांड्यांचा आवाज होता, तरी मांजर निघालं. तू तर आवाज नाही यावरून निष्कर्ष काढतेयस.

तेव्हा पाहणी कर. आडून आडून विचार. आणि तोवर डॉक्टरबाईंना काही सांगू नकोस. सांगावं की न सांगावं हा नीतिशास्त्राचा भाग आहे आणि नीतिशास्त्र आम्हाला ऑगस्टच्या मध्यावर आहे. तोवर धीर धर.

दादा

ता. क. वहिनी म्हणते, "हिच्या नोकरीचा प्रश्न आणि तुम्ही वेळापत्रक काय सांगताय?" तिला अभ्यासक्रमाची शिस्त कळत नाही.

२५ जुलै

प्रिय दादा,

नीतिशास्त्र ऑगस्टच्या मध्यावर आहे हे वाक्य मी भिंतीवर लावणार आहे.

तरी पाहणी केली. सोमवारी थोरले आले, हिरडीला जरा टोचतंय म्हणून. मी कड घासून द्यायच्या निमित्ताने बाहेर गेले. म्हटलं, "आजोबा, दात कसे वाटतात?" ते म्हणाले, "घरचेच वाटतात." आणि आरसा मागितला. बराच वेळ आरशात बघत बसले. हसून बघितलं, गंभीर होऊन बघितलं, एकदा चक्क मान हलवली, रस्त्यात कुणी भेटल्यावर हलवतो तशी. म्हातारपणी माणूस आपल्याच तोंडाच्या प्रेमात पडतो हे माझ्या ध्यानात नव्हतं.

बुधवारी धाकटे. त्यांना काही टोचत नव्हतं. नुसतेच आले. मी आडवळणाने म्हटलं, "तो पुढचा दात जरा आडवा आहे, त्रास नाही ना? हवं तर बदलून देते." तर एकदम हात तोंडावर. "हात लावायचा नाही त्याला," म्हणाले. मग जरा मऊ होऊन, "कुणी केलेत हे दात? हात चांगला आहे." मी म्हटलं, मीच केलेत. म्हणाले, "देव भलं करो तुझं." दादा, त्या क्षणी जमीन दुभंगती तर मी आनंदाने आत गेले असते.

म्हणजे पक्कं झालं. काहीही माहीत नाही त्यांना. थोरल्यांना वाटतंय डॉक्टरबाईंनी त्यांचा हट्ट मानला नाही, आणि धाकट्यांना वाटतंय ही काहीतरी नवीन फॅशन.

पण मला झोप नाही. आता एक वेगळाच किडा तू डोक्यात सोडलायस. हे दात आहेत कुणाचे? साचा थोरल्यांच्या जबड्याचा, पण वापरतायत धाकटे. महिनाभर त्या दातांनी ते बोलले, जेवले, भांडलेसुद्धा असतील. मग ते त्यांचे झाले नाहीत का? आणि सुंदर म्हणशील तर, खरं सांगते, धाकट्यांना तो आडवा दात जास्त शोभतो. माझा दोष असा देखणा दिसतोय हे आणखी वाईट.

लवकर लिही. काल डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून किल्ल्या तुझ्याकडेच ठेव." मी हो म्हटलं. नको म्हणायला तोंडच उघडेना.

बारकी

२ ऑगस्ट

बारके,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी वर्गात सत्ताशास्त्र, म्हणजे 'असणं' म्हणजे काय याचा विचार, सुरू झालं, याला मी योगायोग म्हणणार होतो, पण योगायोग आहे की नाही हाही सत्ताशास्त्राचाच प्रश्न आहे म्हणे.

वस्तू 'तीच' राहते म्हणजे काय? आमच्या गावातल्या जुन्या कचेरीची लिफ्ट मी कितीतरी वर्षं तपासली. आधी दोर बदलला, मग मोटार, मग दारं, शेवटी माणसं उभी राहतात तो पाळणाही नवा. लोक मात्र म्हणत, जुनीच लिफ्ट आहे, अडकते तिथेच अडकते. मी हे वर्गात सांगितलं, बाई खूश झाल्या. मग मी तुझ्या कवळ्यांचा प्रश्न मांडला. वर्ग पेटला! एक मुलगी म्हणाली, दात ज्याच्यासाठी केले त्याचे. दुसरा म्हणाला, ज्याच्या तोंडात त्याचे. मागच्या बाकावर माझ्याशेजारी रोज झोपणारा मुलगा जागा झाला आणि म्हणाला, "आजोबा, भाऊभाऊच ना, मग फरक काय पडतो?" मग सांगावं की नाही यावर बाईंनी मत घेतलं. सांगावं, असं म्हणणारे थोडे जास्त निघाले.

तुझं वर्णन इतकं झकास आहे की मी ते तसंच वाचून दाखवलं. आरशात मान हलवण्याची जागा तर दोनदा वाचावी लागली. घाबरू नकोस, तुझं नाव कुठेही आलेलं नाही. मी म्हटलं, एक ओळखीची बाई आहे, दातांच्या लॅबमध्ये.

या आठवड्यात सौंदर्यशास्त्र. आडव्या दाताचा विषय तिथे काढतो.

दादा

६ ऑगस्ट

दादा,

तू माझं पत्र वर्गात वाचलंस.

मी लिहिलं होतं, हे तुझ्यामाझ्यात. माझी नोकरी पणाला लागलीय, मला रात्रीची झोप नाही, आणि तू त्यावर हात वर करायला लावलेस.

आणि मी कोण? 'एक ओळखीची बाई'? तू सायकल शिकताना तुझ्या मागे धावून गुडघे फोडून घेतले ते या ओळखीच्या बाईने. तुझ्या लग्नात तुझ्याहून जास्त रडली ती ही ओळखीची बाई.

आता पत्र नको. अभ्यास चालू दे.

२१ ऑगस्ट

प्रिय बारके,

हे मी लिहितेय, वहिनी. तुझ्या दादाला माहीत नाही. म्हणजे मला वाटतं, माहीत नाही; आमच्या घरात हल्ली हा शब्द जपून वापरावा लागतो.

तो तुला पत्र लिहायला बसतो आणि फाडतो. ज्या नीतिशास्त्राची वाट बघत होता ते सुरू झालं, तर पहिल्या दिवशी गेलाच नाही. म्हणे पोट बिघडलंय. पोट बिघडलेला माणूस दुपारी दोनदा जेवला. मी म्हटलं, जाऊन शिकून या, निदान आपण काय केलंय त्याला काय म्हणतात ते तरी कळेल. मग गेला.

तू तिकडे गप्प, हा इकडे गप्प. तू म्हणतेस ते म्हातारे वेडे आहेत. वरच्या मजल्यावर एक, खालच्या मजल्यावर एक! तुम्हा दोघांमध्ये तर अख्खी दोन गावं आहेत.

सोबतचा कागद त्याच्या शर्टाच्या खिशात सापडला. धुवायच्या आधी तुला पाठवते.

वहिनी

[सोबतचा कागद]

बारके,

चार वेळा लिहिलं. आता सरळ लिहितो. तुझं पत्र वाचायला नको होतं. टाळ्या मिळतायत बघितल्यावर मी थांबलो नाही. 'ओळखीची बाई' म्हणालो ते तुला झाकायला. पण बोलल्यावर मलाच कानाला खटकलं होतं. तरी पुढे वाचत राहिलो.

नीतिशास्त्र झालं. तीन घराणी आहेत. एक म्हणतं, परिणाम काय होईल ते बघ. दुसरं म्हणतं, परिणाम गेला खड्ड्यात, कर्तव्य काय ते बघ. तिसरं म्हणतं, हे करून तू कसला माणूस होशील ते बघ. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. मी तुझा प्रश्न तिन्हींत घालून बघितला आणि प्रत्येक वेळी वेगळं उत्तर आलं, कारण प्रत्येक वेळी मी हळूच तुझी नोकरी वाचवत होतो.

म्हणून मी तुला काय कर ते सांगणार नाही. माझ्या कामाचा एक नियम तेवढा सांगतो. लिफ्ट ठीक आहे असा शिक्का मारण्याआधी मी स्वतः तिच्यात बसून वरपर्यंत जात असे. बाहेरून बघून शिक्का मारला नाही. तू लॅब हातात घेणार आहेस. घेण्याआधी त्या लिफ्टमध्ये बसता येतंय का ते बघ.

मी हे पाठवेन की नाही

९ सप्टेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र अर्धवट आहे. पुढच्या वेळी वाक्य पूर्ण करून खिशात ठेवत जा.

मी बसले लिफ्टमध्ये. कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या समोर किल्ल्या ठेवल्या आणि सगळं सांगितलं, वाडग्यासकट. त्या म्हणाल्या, "एकाच वाडग्यात का ठेवल्यास?" मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "हे त्या दोघांना तू सांगायचंस," म्हणाल्या. "मी नाही."

दोघांना एकाच वेळी बोलावलं, एकमेकांना न कळवता. थोरले आधी येऊन बसले. धाकटे दारात आले, थबकले, वळले. डॉक्टरबाई दारातच उभ्या. "आत या, दार लावायचंय, थंडी वाजतेय मला," म्हणाल्या. बाहेर घाम निथळत होता, पण त्यांना कोण सांगणार?

मी बोलले. कसं बोलले ते विचारू नकोस. दोघं खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं, आता काठी उठते.

थोरल्यांनी कवळी काढून रुमालावर ठेवली आणि म्हणाले (दात नसल्यामुळे नुसती हवा बाहेर येत होती), "मला पहिल्याच दिवशी कळलं."

मी म्हटलं, "काय?"

"घरी जाऊन आरशात बघितलं तर हा उभा. सरळ दात दाखवून हसतोय. म्हटलं, इतक्या वर्षांनी का होईना, तोंड दाखवायला आला एकदाचा."

धाकट्यांनीही कवळी काढली. "मलाही कळलं होतं. मी सकाळी याला 'काय रे' म्हणून मग चूळ भरायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलला होतास?"

"तू धाकटा. आधी तू बोलायचंस."

"एवढासा मोठा तू, घड्याळात दिसणार नाही इतका!"

आणि दादा, जी जुंपली! दोघांच्या तोंडात दात नाहीत, एक शब्द धड कळत नाही, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतंय. शिकाऊ डॉक्टर मध्ये पडायला निघाला तर डॉक्टरबाईंनी त्याची बाही धरली.

तुझी ज्ञानमीमांसा बरोबर होती. शांततेवरून मी चुकीचा निष्कर्ष काढला. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, न माहीत असलेली एकटी मीच होते.

मग मी कवळ्या धुतल्या, दोन वाडग्यांत ठेवल्या आणि ज्याची त्याला दिली. थोरल्यांनी आपली आडव्या दाताची कवळी बसवली, आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "हा तर मीच. गेला की तो."

धाकट्यांनी त्यांच्या हातातला आरसा काढून घेतला, पालथा ठेवला आणि म्हणाले, "आरसा कशाला? इकडे बघ."

दोघं सरळ घरी गेले. जिना उतरेपर्यंत भांडणाचा आवाज येत होता.

माझं म्हणशील तर किल्ल्या डॉक्टरबाईंकडेच आहेत. "वर्षभर थांबू," म्हणाल्या. "चूक केलीस म्हणून नाही. दीड महिना दडवलीस म्हणून." मला वाईट वाटलं, अजून वाटतंय. पण झोप येते. आणि जाताना त्याच म्हणाल्या की दोघांच्या खालच्या कवळ्या मीच करायच्या, तसं दोघांनी बजावून ठेवलंय. पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालंय म्हणे.

परीक्षा कधी आहे तुझी? हे पत्र वर्गात वाचलंस तरी चालेल. आरशाची जागा दोनदा वाच. पण या वेळी ओळखीची बाई म्हणू नकोस.

तुझी बहीण,
बारकी

१५ सप्टेंबर

बारके,

वाचलं. सुरुवातीलाच सांगितलं, माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आहे. 'आरसा कशाला' पाशी आलो आणि पुढे वाचता येईना. चष्म्यावर काहीतरी आलं होतं. उरलेलं माझ्या शेजारच्या मुलाने वाचून दाखवलं, तोच झोपाळू. चांगलं वाचतो.

बाईंनी मत घेतलं नाही. म्हणाल्या, आज तास लवकर सोडते.

परीक्षा पुढच्या महिन्यात. ती झाली की मी आणि वहिनी तिकडे येतोय. पत्रं पुरे झाली, जरा समोरासमोर बसून भांडू.

तुझा,
दादा

ता. क. (वहिनी) : तो पास होईल असं मला वाटतं. माहीत नाही.